पुराव्यानिशी बोलणारे बाबासाहेब

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले की बाबासाहेबांच्या जीवनावरचा लेख आमच्या गळ्यात पडतो, आणि आम्हीही तो दरवेळी मोठ्या आनंदाने लिहितो. महूचा जन्म, रामजी सुभेदारांची शिस्त, सयाजीरावांची शिष्यवृत्ती, महाडचे पाणी, नागपूरची दीक्षा हा सगळा क्रम आता आपल्या वस्तीतल्या लहान पोरांनाही पाठ आहे. तेव्हा यंदा तेच पुन्हा सांगत नाही. यंदा बाबासाहेबांच्या एकाच सवयीबद्दल लिहावे असे आम्ही ठरवले. ती सवय म्हणजे पुराव्याशिवाय विधान न करण्याची.

असे का ठरवले, तेही सांगितले पाहिजे. मागे एका कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती. आपल्या वस्तीतली एक हुशार मुलगी तिथे बाबासाहेबांवर बोलली. बोलली छानच. पण बोलता बोलता म्हणाली की रिझर्व्ह बँकेची स्थापना बाबासाहेबांनी केली आणि त्यांच्याकडे बत्तीस पदव्या होत्या. परीक्षकांनी शांतपणे विचारले की याला आधार काय, आणि पदव्या कोणत्या त्यांतल्या दहा तरी सांगा. पोरगी गप्प. मागच्या बाकांवरून हसण्याचा आवाज आला. नंतर ती विहारात येऊन रडली. परीक्षकांचे काही चुकले असे आम्हाला वाटत नाही. चूक आमची होती. तिला ते दोन्ही मुद्दे जयंतीच्या सभेत आम्हीच सांगितले होते. आम्ही ते कुठून आणले? कुणाच्या तरी भाषणातून. त्याने कुठून आणले, देव जाणे, असे आपण म्हणत नाही, पण खरेच कुणाला माहीत नाही.

आपण राहतो त्या शिंगणापुरात ही गोष्ट समजायला सोपी जावी. घराला दार नाही, हे विधान कुणीही गल्लीतून एक चक्कर मारून तपासू शकतो. पण दार नाही म्हणून चोरी होतच नाही, हे दुसरे विधान आहे, आणि ते नुसते बघून ठरत नाही, त्यासाठी नोंदी पाहाव्या लागतात. २०१० साली बाहेरगावच्या एका भाविकाने पैसे चोरीला गेल्याची तक्रार केली, तेव्हा वर्तमानपत्रांत केवढा गाजावाजा झाला ते जाणत्यांना आठवत असेल. २०११ साली बिनकुलपाची म्हणून यूको बँकेची शाखा आली आणि २०१५ साली गावात पोलीस ठाणेही आले. आम्ही श्रद्धेविरुद्ध बोलत नाही. डोळ्यांनी दिसते ते आणि आपण त्यावरून मानतो ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढेच म्हणणे आहे. बाबासाहेब जन्मभर हा फरक करत राहिले.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे १९१६ च्या मे महिन्यात, ९ तारखेला, प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी जातीविषयीचा निबंध वाचला. वय पंचवीस. जातीचे चटके त्यांनी स्वतः सोसलेले. शाळेत गोणपाटावर बसलेला, तहान लागली तर शिपायाची वाट पाहणारा मुलगा सातासमुद्रापार जाऊन जातीवर बोलायला उभा राहतो, तेव्हा त्याने आपलेच दुःख सांगितले असते तरी लोकांनी ऐकले असते. पण निबंधात ते दुःख नाही. शोधून पाहा, सापडणार नाही.

त्यात आधी आहे ते दुसऱ्यांचे म्हणणे. सेनार, नेसफिल्ड, रिझले आणि आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर, या चौघांनी जातीची व्याख्या कशी केली ते बाबासाहेबांनी एकेक करून मांडले. कुणाच्या व्याख्येत काय बरोबर, काय सुटले, कुणी परिणामालाच कारण समजले, ते दाखवले. केतकरांचे कौतुक केले आणि त्यांची चूकही दाखवली. मग स्वतःचे म्हणणे, की जातीचे खरे लक्षण एकच, जातीतल्या जातीत लग्न. ते टिकवायचे तर नवरा मेलेली बाई आणि बायको मेलेला पुरुष यांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली त्या प्रश्नाची उत्तरे म्हणून आल्या, असे त्यांनी पायरी पायरीने दाखवले. आणि मनूने जात निर्माण केली, हे आपल्यातले पुष्कळ लोक आजही सांगतात ना, ते त्या निबंधात बाबासाहेबांनी नाकारले आहे. मनूविषयी त्यांना प्रेम होते म्हणून नव्हे. जात मनूच्या आधीची आहे, एक माणूस एवढ्या मोठ्या समाजावर ती लादू शकत नाही, असे त्यांना आढळले म्हणून. अकरा वर्षांनी महाडला ज्यांच्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, त्यांनीच मनूवर सिद्ध न होणारा आरोप ठेवला नाही. निबंधाच्या शेवटी त्यांनी हेही कबूल केले, की आपले मत चुकीचे ठरले तर ते सोडून द्यायला आपण तयार आहोत. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो निबंध इंडियन अँटिक्वेरी या मासिकात छापून आला.

न्यूयॉर्कला असताना त्यांनी जुन्या बाजारातून पोटाला चिमटा घेऊन पुस्तके जमवली. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपून लंडनहून परतावे लागले, तेव्हा सामान ज्या बोटीने पाठवले होते ती महायुद्धात पाणतीर लागून बुडाली. पुस्तकांबरोबर टिपणेही गेली. ज्याने कधी वहीत टिपणे काढली आहेत त्यालाच हा घाव समजेल.

बडोद्याची नोकरी, तिथला अपमान, पारशी खानावळीतून काढून देणे, हे आपण जाणताच. त्याच्या पाठोपाठ, १९१८ साली, त्यांनी एक लेख लिहिला त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. भारतातील लहान शेते आणि त्यांवरील उपाय हा त्याचा विषय. आपल्या नेवासे तालुक्यातल्या शेतकऱ्याने तर तो जरूर वाचावा. त्या वेळचे मोठमोठे पंडित म्हणत होते की हिंदुस्थानातले शेतकरी गरीब आहेत कारण शेते लहान आहेत, तुकडे जोडा आणि शेते मोठी करा. बाबासाहेबांनी विचारले, लहान म्हणजे किती? लहान-मोठे एकरावर ठरत नाही. औते किती, बैल किती, भांडवल किती यावर ठरते. मग त्यांनी आकडे काढले. औते आणि बैल यांच्या मानाने पाहिले तर शेते लहान नसून उलट मोठीच पडतात, असा निष्कर्ष निघाला. खरा रोग म्हणजे जमिनीवर जास्तीच्या माणसांचा भार, आणि त्यावर उपाय उद्योगधंदे वाढवणे. सगळे एका सुरात बोलत असताना एक सत्तावीस वर्षांचा तरुण आकड्यांच्या जोरावर प्रश्नच उलटा करून दाखवतो, याची मौज आम्हाला दरवेळी वाटते.

सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी करून पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेऊन बाबासाहेब १९२० साली पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार उघडताच आत शिरणारे आणि बंद होताना बाहेर पडणारे म्हणून त्यांची कथा आपण ऐकलेली आहे. पण तिथे ते काय वाचत होते, हे आपण सांगत नाही. नाणी पाडण्याचे आकडे, सोन्या-चांदीचे भाव, सरकारी समित्यांचे अहवाल, कंपनी सरकारपासूनचे खलिते. रूक्ष कागद. त्या कागदांतून त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध उभा केला. त्या वेळी केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचा मोठा दबदबा होता, आणि हिंदुस्थानात चालू असलेली चलनाची पद्धत उत्तम आहे असे त्याचे मत होते. बाबासाहेबांनी किमतींचे तक्ते मांडून दाखवले की या पद्धतीत रुपयाची खरेदीची ताकद टिकत नाही.

प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये दिला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो फिरून लिहायला सांगितला. पैसे संपले होते, म्हणून बाबासाहेब मुंबईला आले आणि इथे बसून त्यांनी तो पुन्हा लिहिला. मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत, असे चरित्रकार लिहितात. नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. पुस्तक निघाले तेव्हा त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली, आणि त्या प्रस्तावनेतच शिष्याच्या काही मुद्द्यांशी आपण सहमत नाही असे नोंदवले. तरीही लिहिली! पुराव्याने केलेल्या कामाला विरोधकाचीही सही मिळते ती अशी. आपल्याकडे तर प्रस्तावनेत एक शब्द कमी पडला तरी भाऊबंदकी होते.

आता रिझर्व्ह बँक. १९२५ साली हिंदी चलनाचा विचार करण्यासाठी हिल्टन यंग आयोग नेमला गेला. १५ डिसेंबर १९२५ रोजी बाबासाहेबांनी त्या आयोगापुढे साक्ष दिली. चलन कसे असावे यावर त्यांचा भर होता. १९२६ च्या अहवालात आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली. एवढे कागदावर आहे. म्हणून ज्या आयोगाच्या शिफारशीतून बँक आली त्या आयोगापुढे बाबासाहेबांनी तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली, हे कुणाहीपुढे छातीठोकपणे सांगता येते. बँक त्यांनी स्थापन केली, हे तसे सांगता येत नाही. आणि पदव्या? मुंबईची बी.ए., कोलंबियाची एम.ए. आणि पीएच.डी., लंडनची एम.एस्सी. आणि डी.एस्सी., ग्रेज इनची बॅरिस्टरी. पुढे सन्मान म्हणून कोलंबियाची एलएल.डी. १९५२ साली आणि उस्मानियाची डी.लिट. १९५३ साली. आठ झाल्या. त्या मुलीने या आठ सांगितल्या असत्या तर कुणाची हसण्याची हिंमत झाली नसती. अस्पृश्य म्हणून पाण्याच्या मडक्याला हात न लावू दिलेल्या माणसाच्या आठ पदव्या आहेत ह्या. त्यांत खोट्या चोवीस मिसळून आपण त्या खऱ्या आठांवरही संशय आणतो.

आता हाच माणूस मुंबईच्या कायदेमंडळात कसा बोलला ते पाहू. १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या खर्चावर चर्चा होती. आमची मुले शिकत नाहीत, आमच्यावर अन्याय होतो, असे नुसते म्हटले असते तर सरकारी बाकांवरून मान डोलावली गेली असती आणि काम संपले असते. बाबासाहेबांनी सरकारच्याच शिक्षण खात्याचा अहवाल उघडला. प्राथमिक शाळेत पुढारलेल्या हिंदूंची मुले दर हजारी ११९, तर मागासवर्गाची १८. कॉलेजात मागासवर्गाच्या लाखभर लोकसंख्येमागे जवळजवळ शून्य. आणि सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते, पण दारूच्या करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करते, हेही दाखवले. आकडे सरकारचे, अहवाल सरकारचा. खोटे म्हणायची सोय कुणालाच नव्हती.

त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले. त्याची गाणी आपण म्हणतो. पण त्या पाण्याचा दावा न्यायालयात दहा वर्षे चालला, त्याचे गाणे कुणी रचलेले आम्ही तरी ऐकले नाही. महाडच्या काही स्पृश्य मंडळींनी डिसेंबर १९२७ मध्ये दावा लावला. त्यांचे म्हणणे होते की हे तळे खासगी आहे, आणि अस्पृश्यांनी तिथे पाणी भरायचे नाही ही वहिवाट अनादी काळापासूनची आहे. बाबासाहेब त्यात प्रतिवादी. खटल्याचा सगळा कस एकाच प्रश्नावर लागला, तो असा की अनादी काळापासून म्हणता, तर ते सिद्ध कोण करणार? जो हक्क सांगतो त्याने. तळे नगरपालिकेचे ठरले. अनादी वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि तळे कायद्यानेही मोकळे झाले. माणसांनी डोकी फोडून घेतली ती १९२७ साली, आणि त्या रक्ताला कागदाचा आधार मिळाला तो दहा वर्षांनी. दोन्ही लागले.

पूर्वीपासून चालत आले आहे, हा युक्तिवाद आपल्या गावानेही ऐकला आहे. शनीच्या चौथऱ्यावर बायकांनी चढायचे नाही, ही रीत चारशे वर्षांची म्हणून सांगितली जायची. एप्रिल २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने १९५६ च्या प्रवेशाच्या कायद्याची आठवण दिली आणि पाडव्याच्या दिवशी चौथरा बायकांना खुला झाला. हे जाता जाता.

वतनाच्या प्रश्नावर १६ डिसेंबर १९३९ रोजी बाबासाहेब आपल्याच जिल्ह्यात हरेगावला आले होते. तिथे महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद भरली. पण वतनाची लढाई ते १९२८ पासून कायदेमंडळात लढत होते, विधेयक आणून आणि वतनदाराच्या हातात प्रत्यक्ष काय पडते त्याचा हिशेब मांडून. शेवटी वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली आला. तो पाहायला ते नव्हते.

१९४८ साली त्यांचे अस्पृश्यांवरचे पुस्तक निघाले. त्यात ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे आहेत का, असा प्रश्न आहे. त्या काळी नाकाची मापे घेऊन वंश ठरवण्याचे शास्त्र जोरात होते. बाबासाहेबांनी डॉ. घुर्ये यांनी मांडलेली मापेच घेतली आणि त्यांवरून दाखवले की दोघांत वंशाचा भेद दिसत नाही. पण तेही अट घालून, की हे मोजमापाचे शास्त्र भरवशाचे असेल तर. आज ते शास्त्र मोडीत निघाले आहे. त्यांनी घातलेली अट मात्र आजही उभी आहे. मग त्यांनी घरचा पुरावा काढला. मराठ्यांची जी कुळे तीच महारांची. जाधव, मोरे, पवार, साळवे, आपल्याच आडनावांकडे बघा की!

त्याच पुस्तकात अस्पृश्य हे मुळात पराभूत टोळ्यांतले फुटलेले लोक, हा त्यांचा सिद्धांत आहे. मनुस्मृती, फाहियान आणि ह्युएनत्संग यांच्या साक्षी ताडून अस्पृश्यता इसवी सन ४०० च्या सुमारास जन्मली असे अनुमान त्यांनी काढले. अनुमान हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो, कारण साखळीचे काही दुवे तुटलेले आहेत आणि ते आपण तर्काने जोडले आहेत, हे त्यांनी प्रस्तावनेतच सांगून टाकले. नंतरच्या काही अभ्यासकांना हा सिद्धांत पटलेला नाही. त्याने बिघडत काही नाही. कुठे पुरावा संपतो आणि कुठे तर्क सुरू होतो ती रेघ लेखकानेच आखून दिली असली की वाचणारा मोकळेपणी विचार करू शकतो.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट. ही कसोटी त्यांनी आपल्या बुद्धालाही लावली. सिद्धार्थाने एक म्हातारा, एक आजारी आणि एक प्रेत पाहिले आणि घर सोडले, ही कथा आपण पौर्णिमेला ऐकतो. बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात बाबासाहेब विचारतात की गृहत्यागाच्या वेळी सिद्धार्थ एकोणतीस वर्षांचा होता, तोवर त्याला म्हातारा माणूस दिसलाच नाही, हे कसे पटावे? म्हणून त्यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणाचे कारण पुढे ठेवले. पाण्यावरून भांडण! महाडला उभा राहिलेला माणूस आहे तो, आणि पाणी वाटपावरून दरसाल भांडणाऱ्या आपल्या तालुक्याला तर हे वेगळे समजवायला नकोच. ज्याच्या चरणी स्वतः शरण गेले, त्याची कथाही तपासून घेतली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले आणि तो ग्रंथ १९५७ साली निघाला. त्यावर बौद्ध जगातून टीकाही झाली.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. तिने पुढच्या जयंतीला पुन्हा भाषण केले. रिझर्व्ह बँकेवरच केले, तारखांसह. आम्ही मागे बसून ऐकत होतो, आणि तिने आमची एक तारीख दुरुस्त केली.

महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून छापलेले बाबासाहेबांचे इंग्रजी खंड विहाराच्या कपाटात आहेत. जातीचा निबंध आणि लहान शेतांचा लेख पहिल्या खंडात, कायदेमंडळातली भाषणे दुसऱ्यात, रुपयाचा प्रश्न सहाव्यात, अस्पृश्यांवरचे पुस्तक सातव्यात, बुद्ध आणि त्यांचा धम्म अकराव्यात. कपाटाला अर्थातच कुलूप नाही. चोरी आजवर झालेली नाही, पण सातवा खंड गेल्या आषाढापासून जागेवर नाही आणि वहीत नेणाऱ्याचे नावही नाही. ज्यांनी नेला असेल त्यांनी तो आणून ठेवावा, पोरांना हवा आहे.